परदेशी पीचचं पेटंट कसं वाचायचं: सोलापूरच्या नवख्या बागायतदारासाठी

सोलापुरात पीचची व्यापारी बाग होत नाही. होते असं सांगून कुणी रोप विकत असेल तर घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला तरी बार्शी-पंढरपूरकडे एकरभर पीच लावायची हुक्की यायची.

मग सोलापूरकरानं पीचचं पेटंट वाचायचं कशाला? एक कारण जाहिराती. सफरचंद, अवाकाडो, ड्रॅगन फ्रूट यांच्या मागोमाग 'पेटंटवाल्या' विदेशी फळझाडांची रोपं मोबाईलवर विकायला येतात, आणि पेटंट म्हटलं की ऐकणाऱ्याचा अर्धा संशय तिथंच गळतो. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. आपल्या द्राक्ष-डाळिंबातही आता मालकी हक्काचे वाण आले आहेत. नाशिककडे परदेशी कंपन्यांचे द्राक्षवाण करारावर लावले जातात, ते वारं आपल्याकडेही येणारच. अशा वाणाचा कागद समोर आला तर त्यात काय पाहायचं हे ठाऊक असायला हवं. अमेरिकेतल्या पीचच्या पेटंटांचे शेकडो कागद कुणालाही फुकट वाचता येतात. त्यांच्यावर हात बसवून घ्यावा.

पायरी १: पेटंट कशाचं असतं ते समजून घ्या

अमेरिकेनं वनस्पतींच्या पेटंटचा कायदा मे १९३० मध्ये केला. पहिलं पेटंट १९३१ साली 'न्यू डॉन' नावाच्या वेली गुलाबाला मिळालं. पीचचा नंबरही लवकर लागला. कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध वाणनिर्माता ल्यूथर बरबँक १९२६ मध्येच वारला होता, पण कायदा झाल्यावर त्याच्या पत्नीनं अर्ज केले आणि त्याच्या नावावर मरणोत्तर सोळा पेटंटं निघाली. त्यांत प्लम आहेत, गुलाब आहेत आणि पीचही आहे. त्याच बरबँकचा 'जुलै एल्बर्टा' हा पीच आज हिमाचलातल्या बागांमध्ये नेहमीचा वाण आहे.

हे पेटंट मिळायला वाण नवा लागतो, आधीच्या ज्ञात वाणांपेक्षा वेगळा लागतो आणि कलमानं किंवा डोळा भरून जसाच्या तसा वाढवता आलेला लागतो. मुख्य अटी एवढ्याच. उत्पादन जास्त हवं, चव चांगली हवी, रोग कमी हवा, यातलं काहीही सिद्ध करावं लागत नाही. पेटंट कार्यालय स्वतः झाड लावून पाहत नाही. अर्जदारानं वर्णन आणि फोटो द्यायचे, तपासनीसानं कागदावर पडताळणी करायची, असा तो व्यवहार आहे. म्हणून 'पेटंट आहे म्हणजे माल चांगला' हा हिशोब डोक्यातून काढून टाका. पेटंट सांगतं की हे झाड दुसऱ्यांपेक्षा निराळं आहे आणि ते वाढवून विकायचा हक्क अमुक माणसाचा आहे.

मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. जून १९९५ च्या आधीच्या अर्जांना वेगळा नियम होता. त्याआधी पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षं धरत. मुदत संपली की कुणीही कलमं बांधावीत.

पायरी २: वाणाचं खरं नाव शोधा

इथं नवखा माणूस हमखास अडकतो. पीचच्या एका वाणाला बहुतेक वेळा दोन नावं असतात. एक वाणाचं अधिकृत नाव, म्हणजे पेटंटमध्ये नोंदलेलं, आणि दुसरं बाजारातलं. अधिकृत नाव अनेकदा मुद्दाम रुक्ष ठेवतात; कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या नर्सरीच्या वाणांची नावं 'बर्पीचवन', 'बर्पीचटू' अशी आहेत. बाजारातलं नाव मात्र गोड, रंगीबेरंगी, आणि ते ट्रेडमार्क म्हणून वेगळं नोंदवलेलं असतं.

यामागं हिशोब आहे. पेटंट २० वर्षांनी संपतं, ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत कितीही वर्षं चालवता येतो. झाड सगळ्यांचं झालं तरी गाजलेलं नाव कंपनीकडेच राहतं. त्यामुळे विक्रेत्यानं सांगितलेलं नाव शोधून काही हाती लागलं नाही तर लगेच खोटं ठरवू नका, वाणाचं अधिकृत नाव किंवा पेटंट क्रमांक मागा. दोन्ही देता येत नसेल तर मात्र विषय तिथंच संपवा. क्रमांक मिळाला की अमेरिकन पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर किंवा गुगल पेटंट्सवर पूर्ण कागद मिळतो. तो सहसा मोजक्या पानांचा असतो, फोटोंसह.

पायरी ३: उगमाचा परिच्छेद नीट वाचा

कागदातला माझ्या मते सगळ्यात वाचनीय भाग हाच. ही वाणाची कुंडली. पीचचे उगम मुख्यतः तीन प्रकारचे सापडतील.

पहिला, ठरवून केलेला संकर. आईकडचं झाड कोणतं आणि पराग कुणाचा, दोन्ही लिहिलेलं असतं. अनेकदा आई-बापांना नाव नसून नुसता क्रमांक असतो, कारण ती पैदासकाराच्या स्वतःच्या शेतातली, बाजारात कधीच न आलेली झाडं असतात. लवकर पिकणाऱ्या पीचमध्ये आणखी एक भानगड आढळते. फळ इतक्या घाईनं पिकतं की आतल्या बीचा गर्भ पूर्ण वाढलेलाच नसतो, आणि बी पेरून रोप येत नाही. मग तो कोवळा गर्भ काढून प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढवतात. कागदात गर्भ वाचवल्याचा उल्लेख दिसला तर समजा, आई लवकर पिकणारी होती.

दुसरा, झाडावर अचानक निघालेली वेगळी फांदी, म्हणजे उत्परिवर्तन. हे सोलापूरच्या द्राक्ष बागायतदाराला समजावून सांगायची गरज नाही. कॅलिफोर्नियातून आलेल्या थॉमसन सीडलेसच्या वेलींवरच तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना निराळी वेल दिसली आणि 'तास-ए-गणेश' आला. माळढोकासाठी ओळखलं जाणारं नान्नज द्राक्षवाल्यांना नानासाहेब काळे यांच्यामुळे ठाऊक आहे. लांब मण्याचा 'सोनाका' त्यांनी थॉमसनमधूनच निवडला आणि काळा 'शरद सीडलेस' किशमिश चोर्नीमधून. पीचमध्येही तसंच होतं. दहा दिवस आधी पिकणारी किंवा सालीवर जास्त लाली धरणारी एखादी फांदी दिसते, तिचे डोळे भरले जातात, आणि तेच गुण टिकले तर अर्ज होतो. अशा वाणात मूळ वाणाचे बाकीचे सगळे गुण आणि सगळे दोषही तसेच असतात. मूळ वाण ज्या रोगाला बळी पडतो त्याला हाही पडणार, हे गृहीत धरा.

तिसरा, योगायोगानं उगवलेलं रोप. 'पराग अज्ञात', 'खुल्या परागीभवनातून' असे शब्द तिथं असतात. याला कमी लेखू नका. अमेरिकेतल्या पीचचा अर्धा इतिहास अशा रोपांवर उभा आहे. जॉर्जियातल्या मार्शलव्हिल इथं सॅम्युएल रम्फ यांच्या बागेत १८७० च्या दशकात 'चायनीज क्लिंग' या वाणाच्या बीपासून एक झाड आलं. त्याला त्यांनी पत्नीचं नाव दिलं: 'एल्बर्टा'. तो प्रवासात टिकायचा, म्हणून रेल्वेनं लांबच्या शहरांत गेला आणि गाजला. पुढं 'जे. एच. हेल' हे असंच सापडलेलं रोप आलं. त्याचा 'साउथ हेवन'शी संकर होऊन 'हेलहेवन' आला, आणि हेलहेवनचा 'कॅलहेवन'शी संकर करून मिशिगनच्या साउथ हेवन संशोधन केंद्रात स्टॅन्ली जॉन्स्टन यांनी 'रेडहेवन' काढला, जो १९४० मध्ये बाहेर आला. पेटंटचे कागद मागं मागं वाचत गेलात तर याच दोन-चार नावांपाशी वारंवार येऊन पोचाल. एवढे शेकडो वाण, पण पूर्वज मोजकेच. मूळ पीच तर चीनचा, तिथं हजारो वर्षांपूर्वीच्या कोयी सापडल्या आहेत.

पायरी ४: झाड कुठं वाढलं आणि त्याला किती थंडी लागते

फळाचं वर्णन वाचायच्या आधी ही पायरी. लोक उलटं करतात, आधी फोटो पाहतात, मग भुलतात.

प्रत्येक कागदात लिहिलेलं असतं की निरीक्षणं कुठल्या बागेतली आहेत. पीचच्या बाबतीत बहुतेक वेळा कॅलिफोर्नियातलं सॅन वाकीन खोरं, काही वेळा मिशिगन, फ्लोरिडा, नाहीतर न्यू जर्सी. फळाचं वजन, लाली, गोडी, पिकण्याची तारीख, सगळं त्या जागेचं. 'जूनच्या पहिल्या आठवड्यात काढणी' म्हणजे तिथल्या जूनमध्ये. फुलापासून काढणीपर्यंतचे दिवस दिले असतील तर तो आकडा जास्त उपयोगी. फ्लोरिडाच्या 'फ्लोर्डाप्रिन्स'ला साधारण ७५ ते ८० दिवस लागतात.

आता थंडी. पीच हिवाळ्यात पानं गाळून झोपतो, आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे पारा ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली, पण शून्याच्या वर किती तास राहिला ते. रेडहेवन, एल्बर्टासारख्या उत्तरेकडच्या वाणांना ८०० तास किंवा त्याहून जास्त लागतात. फ्लोर्डाप्रिन्सला सुमारे १५०. फ्लोरिडा विद्यापीठाच्या 'यूएफसन'चं काम सुमारे १०० तासांत भागतं, आणि तोही मालकी हक्काचा वाण आहे.

सोलापुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या खाली गेला तरी दुसऱ्या दिवशी बातमी होते. ७.२ च्या खाली शंभर तास आणायचे कुठून? थंडी न मिळालेल्या पीचचं काय होतं ते सांगतो. फुलं तुरळक आणि महिनाभर पुढं-मागं येतात, खालच्या फांद्या नागड्या राहतात, फक्त शेंड्याला पानांचा झुपका निघतो, आणि दोन-तीन वर्षांत झाड खंगतं.

द्राक्षवाला लगेच विचारेल, ऑक्टोबर छाटणीनंतर आपण काडीला डोळे फुटायची पेस्ट लावतोच की, ती पीचला लावली तर? त्या पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड पीचवरही वापरतात, पण ते थोडी कमी पडलेली थंडी भरून काढतं. थंडीच मिळाली नसेल तर ते पुरं पडत नाही. त्यावर एप्रिल-मेचा ४० च्या वरचा पारा आहेच.

म्हणून भारतात पीच कुठं आहे ते पाहा: हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर, आणि कमी थंडीच्या वाणांवर पंजाब, पश्चिम उत्तर प्रदेश. सिरमौर जिल्ह्यातलं राजगड पीचसाठीच ओळखलं जातं. मैदानी भागासाठी आपल्याकडेही पैदास झाली आहे. 'सहारनपूर प्रभात' हा देशी 'शरबती' आणि फ्लोरिडाच्या 'फ्लोर्डासन' यांचा संकर. पण सहारनपूरच्या मैदानातही जानेवारीत जी थंडी पडते ती आपल्याकडे पडत नाही.

पायरी ५: गुणांची यादी, आणि त्यातलं काय महत्त्वाचं

वर्णन झाडापासून सुरू होतं आणि कोयीपर्यंत जातं. सगळं सारख्याच बारकाईनं वाचायची गरज नाही. रंगांचे क्रमांक (बहुतेकदा रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगतक्त्यानुसार) भराभर ओलांडा. ते वेगळेपण ठरवायला असतात.

पानाच्या देठाशी असलेल्या ग्रंथींवर मात्र थांबा. मूत्रपिंडाच्या आकाराच्या, गोल, की मुळीच नाहीत? वाण ओळखायची ही खूण आहेच, शिवाय ग्रंथीच नसलेली झाडं भुरीला जास्त बळी पडतात. भुरीनं ज्याची झोप उडवली आहे त्याला याचं मोल कळेल. फुलात पराग आहे का हेही पाहा. बहुतेक पीच स्वतःच्याच परागावर फळतात, पण जे. एच. हेलसारखे नर-वांझ वाणही आहेत, त्यांना शेजारी दुसरा वाण लागतो.

फळात चार गोष्टी. गर पांढरा की पिवळा. कोय सुटी की गराला चिकटलेली. साल लव असलेली की गुळगुळीत, कारण नेक्टरीन म्हणजे लव नसलेला पीचच, फरक एका जनुकाचा. आणि गर पिकल्यावर विरघळणारा की न विरघळणारा. ही चौथी व्यापाराची गोष्ट आहे. विरघळणाऱ्या गराचं फळ खायला रसाळ, पण पेटीत लवकर दबतं. न विरघळणारा गर झाडावर पूर्ण पिकवला तरी घट्ट राहतो. एकेकाळी तो डबाबंद पीचसाठीच वापरत, पण फ्लोरिडावाल्यांनी तो ताज्या फळाच्या वाणांत आणला. संकराच्या पोरात पांढरा गर पिवळ्यावर, सुटी कोय चिकट कोयीवर आणि लव गुळगुळीत सालीवर वरचढ ठरते. उगमाच्या परिच्छेदात दोन्ही पालक पिवळ्या गराचे दिसले आणि पोर पांढरं निघालं, तर पराग नक्की त्याच झाडाचा होता का, असा प्रश्न पडायला हरकत नाही. चपटे, मधे दबलेले पीचही पेटंटमध्ये भरपूर दिसतील. त्यांचं मूळ चीनच्या 'पान ताओ' पीचमध्ये.

गोडी ब्रिक्समध्ये (रसातल्या साखरेचं माप) देतात, ती तुम्हाला कळते. पण नुसत्या ब्रिक्सवर जाऊ नका, आम्लता पाहा. १२ ब्रिक्सचा कमी आम्लाचा पीच १४ ब्रिक्सच्या आंबट पीचपेक्षा जिभेला गोड लागू शकतो. कडकपणा पौंडांत असतो, ८ मिलीमीटरची दांडी गरात घुसवायला किती जोर लागला तो. फळ काढताना मोजला की ठेवल्यावर, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

खुंटाकडेही, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं त्याकडेही, नजर टाका. कॅलिफोर्नियाच्या कागदांत 'नेमागार्ड' वारंवार येतो. मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना दाद न देणारा हा खुंट १९५९ मध्ये आला. खुंट बदलला की झाडाचा जोम बदलतो, कधी फळाचा आकारही. पेटंट वरच्या वाणाचं, आकडे मात्र वाण आणि खुंट दोघांचे मिळून.

पायरी ६: तुलनेचा परिच्छेद

अर्जदाराला सांगावंच लागतं की जवळच्या वाणापेक्षा याचं वेगळेपण कशात. हा परिच्छेद छोटा असतो आणि बऱ्यापैकी प्रामाणिक, कारण वेगळेपण इथंच ठरतं. 'अमुक वाणासारखाच, पण आठ दिवस उशिरा' एवढंच लिहिलेलं असेल तर नवलाई आठ दिवसांची. बाजारपेठेत तेवढ्यानंही पैसे होतात, द्राक्षवाल्यांना माहीत आहे. पण ज्यांची बाजारपेठ वेगळी त्यांना त्या आठ दिवसांचा काय उपयोग?

पायरी ७: भारतात हा कागद किती चालतो

अमेरिकन पेटंट अमेरिकेपुरतं. भारतात वनस्पतीला पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) मध्ये झाडं, बियाणं, वाण स्पष्टपणे वगळले आहेत. आपल्याकडे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. नोंदणी दिल्लीच्या प्राधिकरणाकडे होते, फळझाडं आणि वेलींना १८ वर्षं, बाकी पिकांना १५. इथं मात्र झाडं लावून तपासणी होते: वाण वेगळा आहे का, सगळी झाडं सारखी आहेत का, पुढच्या पिढीत गुण टिकतात का. याच कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बियाणं राखून ठेवायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही, एवढीच अट. शेतकऱ्यानं स्वतः शोधलेला वाणही नोंदवता येतो. बागेत निराळी काडी दिसली तर ती आधी खुणेची दोरी बांधून ठेवा, मग गावभर सांगा.

'आम्ही परदेशातून डोळे आणले' असं कुणी म्हणालं तर आयात परवाना आणि विलगीकरणाचा कागद मागा. २००३ च्या आयात नियंत्रण आदेशानुसार बाहेरच्या फळझाडांची कलमं परवान्याशिवाय आणता येत नाहीत, आणि आणल्यावरही ती ठरावीक काळ वेगळी ठेवून तपासली जातात. पिशवीत गुंडाळून आणलेल्या काडीबरोबर विषाणू आला तर तो शेजाऱ्याच्या बागेतही जाणार.

पायरी ८: हेच आपल्या पिकावर करून पाहा

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरकरानं दूर जायची गरज नाही. त्यांच्या 'सोलापूर लाल'चा उगम घ्या: भगवा, आणि पलीकडे गणेश, नाना, दारू यांच्या संकरातून आलेला पालक. 'दारू' म्हणजे हिमालयातलं रानटी, आंबट डाळिंब. भगव्याची कुंडली काढलीत तर गणेश आणि गुल-ए-शाह रेड भेटतील. गणेश स्वतः पुण्याच्या गणेशखिंडीत आळंदी वाणातून निवडलेला. तिन्ही वाण या पायऱ्यांनी वाचा. कुठं वाढवले, कशापेक्षा वेगळे, कोणता गुण कुणाकडून आला. मग रोपवाटिकेत जा आणि एवढं विचारा:

– वाणाचं नोंदलेलं नाव काय, आणि नोंदणी कुणाच्या नावावर?
– मातृवृक्ष कुठं आहे, पाहायला मिळेल का?
– रोप कलमाचं, गुटीचं की उती संवर्धनाचं?
– बिलावर वाणाचं नाव लिहून देता का?

शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेणाऱ्याकडून रोपं घेऊ नका, भाव कितीही कमी असो. आणि हौसेखातर कुंडीत एक पीच लावायचाच असेल तर खुशाल लावा, कमी थंडीचा घ्या, मे महिन्यात दुपारी सावली द्या. फळाची वाट मात्र पाहू नका. पीच खायचा तर मे-जूनमध्ये फळबाजारात हिमाचलचा खोका आलाय का ते विचारा, आणि कोय सुटी आहे की चिकटलेली ते घरी कापून बघा.